कुपी फुटली नव्हती

सारी-बेलचं कुरण, ४ जून १९८४

बुरुलसून एजे,

थोरल्या बहिणीला एजे म्हणायची सवय, म्हणून लिहिलं. त्याचा दुसरा काही अर्थ काढू नकोस. आईच्या मयतीला आपण दोघी एकाच तंबूत बसून रडलो आणि एकमेकींकडे पाहिलंसुद्धा नाही. हे पत्रही तसंच समज. तुझ्याशी बोलायची मला हौस नाही, कामापुरतं लिहिते आहे.

तुझी केंजेगुल माझ्याकडे आहे. सुखरूप आहे. दूधगाडीवाल्या ओस्मोनने सांगितलं की तू जिल्ह्याचं अख्खं गाव पालथं घातलंस. शोध थांबव. ती काल त्याच्याच गाडीत दुधाच्या कॅनांच्या मध्ये बसून वर आली. नववा महिना आणि आपला तो रस्ता! उतरली तेव्हा पायांत उभं राहायचं बळ नव्हतं. मी तिला आधी गरम चहा पाजला, मग विचारलं, "अगं, तुझी आई जिल्ह्याची मोठी सुईण. बायका डोंगर उतरून तिच्याकडे जातात. तू उलटी इकडे कुठे चढून आलीस?"

ती म्हणाली, "मावशी, मी आईच्या हाताखाली बाळंत होणार नाही."

"का गं?"

मग रडायला लागली. रडता रडता सांगितलं. ती तुझा डबा घेऊन दवाखान्यात आली होती. खोलीचं दार उघडंच होतं. टेबलावरची बाई गयावया करत होती, "एजे, मारू नका, सुई द्या." आणि तू तिच्या मांड्यांवर सटासट चापट्या मारत होतीस. दुसऱ्या सुईणीने तिचे हात दाबून धरले होते. बाई जास्तच ओरडली तेव्हा तू तिच्या तोंडावर ओला टॉवेल टाकलास. केंजेगुलने डबा दारातच ठेवला आणि तिथून सरळ दूधगाडीच्या थांब्यावर गेली.

मला नवल वाटलं नाही. आठ वर्षांपूर्वी त्याच टेबलावर मी होते. तू माझे हातपाय पट्ट्यांनी बांधलेस. मी म्हणाले, "एजे, त्या कपाटातलं औषध दे, मी फाटून चालले आहे." तू म्हणालीस, "मजा मारताना ओरडली होतीस का?" शेजारच्या टेबलावरची बाई खुदकन हसली. तुमच्या डॉक्टरसाहेबांनी माझ्या पोटावर कोपर ठेवून सगळा भार टाकला, तेव्हा माझी बरगडी मोडली. मी ओरडले तर तू तोंडात मारलीस. माझी लेक उम्सुनाय बाहेर आल्यावर तू दोरा ओवलास आणि तशीच मला शिवायला बसलीस, काही बधिर न करता. तोवर पायाची पट्टी सैल झाली होती. माझी लाथ तुझ्या तोंडावर बसली आणि तुझे दोन दात फरशीवर पडले. लोक म्हणतात, सेयिलकानने सख्ख्या बहिणीचे दात पाडले. खरं आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही, आजही नाही.

तुला ते सगळं आठवतं की नाही कोण जाणे. तुझ्याकडे ते रोजचंच होतं, माझ्यावर एकदाच झालं.

आता कामाचं. पोरीला मी खाली आणीन, पण एका अटीवर. ती मागेल तेव्हा तू ते कपाट उघडायचंस आणि तिला दुखणं कमी करायची सुई द्यायचीस. तसं लिहून कळव. जमत नसेल तर तेही कळव. तिचा नवरा सैन्यात, सासू इथे शेजारच्याच तंबूत, आणि त्या बाईची तयारी काही वेगळीच चालली आहे.

सेयिलकान

सारी-बेल, ९ जून

एजे,

तुझं उत्तर मिळालं. एवढुसं. "मुलीला खाली पाठव. नियम सगळ्यांना सारखा. माझ्या मुलीला सुई दिली तर बाकीच्या बायका माझ्या तोंडावर थुंकतील. दुखणं निम्मं भीतीचं असतं, तिला श्वास शिकव."

हे तू माझ्याही वेळी म्हणाली होतीस, सगळ्या बायका मला सारख्या. मग सगळ्यांना दे की! कोण अडवतं? सारखं वागायचं म्हणजे सगळ्यांना सारखंच झोडायचं, हे तुला कोणत्या शाळेत शिकवलं?

परवा एक मेंढी अडली. कोकरू आडवं झालं होतं. मी आधी तिला नोव्होकेन टोचलं, अंग बधिर झाल्यावर हात घातला आणि कोकरू सरळ करून काढलं. आमचे पशुवैद्य तसंच करायला सांगतात, कारण जनावर दुखण्याने झटके देतं आणि काम बिघडतं. मेंढीने माझ्याकडे काही मागितलंही नव्हतं. सरकारी फार्मवरच्या मेंढीला जे न मागता मिळतं ते तुझ्याकडे बाईने पाया पडून मागितलं तरी मिळत नाही. आणि तुझ्या भिंतीवर तो तक्ता अजून आहे ना, हसत हसत श्वास घेणाऱ्या बाईचा? तो काढणारा बाप्याच असणार. एकदा त्याचं नख उपटून त्याला तसं हसायला सांगायला हवं.

काल झुउराकान विहीणबाई केंजेगुलला न्यायला आल्या. आल्या त्या मनगटच धरलं पोरीचं आणि ओढायला लागल्या.

"आमची सून आहे. आमच्या तंबूत बाळंत होईल."

मी म्हटलं, "ती सुई मागते आहे, विहीणबाई."

"कसली सुई? मी पाच पोरं काढली. दाराशी बांधलेल्या घोड्याने कान टवकारला नाही. तंबूबाहेर पुरुषमाणसं बसलेली असतात, त्यांच्या कानावर आवाज घालायचा? आजकालच्या पोरी उंदीर दिसला तरी बोंबलतात."

"गेल्या वर्षी तुमची दाढ दुखली तेव्हा अख्खं कुरण जागं होतं. घोडा तर दोर तोडून पळाला होता."

ओस्मोन फिसकन हसला. मग बाई चिडल्या आणि पोरीला दुसऱ्या हाताने दंडाला धरून ओढलं. केंजेगुल गुडघ्यावर पडली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. लोकर झोडायची काठी बाजूलाच होती, मी ती उचलली आणि त्यांच्या मनगटावर घातली. सुजलं आहे म्हणतात. सुजू दे.

जाताना ओरडून गेल्या की माम्बेत म्हाताऱ्याला सांगून ठेवलं आहे. हे ऐकून तरी तुझ्या पोटात गोळा यायला हवा. बाई ओरडली की तिच्या छातीवर अल्बार्स्ती बसली, हे या लोकांचं ठाम. पिवळ्या केसांची ती हडळ बाळंतिणीची फुप्फुसं काढून पिशवीत भरते आणि ओढ्याकडे पळते. पिशवी पाण्यात बुडली की बाई संपली. म्हणून माम्बेतला बोलवायचं आणि त्याने चाबूक ओढायचा. चाबूक हवेत ओढायचा असतो, पण त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. इसाक मेंढपाळाच्या बायकोच्या पाठीवरचे वळ मी स्वतः पाहिले आहेत.

एका बाजूला तुझा ओला टॉवेल, दुसऱ्या बाजूला याचा चाबूक. पोरीने जायचं कुठे, ते तूच सांग.

सेयिलकान

सारी-बेल, १४ जून

एजे,

रस्ता गेला. परवाच्या पावसात वरच्या घळीतून चिखल आणि दगड असे काही आले की पुलाचा पत्ताच नाही. गाडी आता पलीकडेच थांबते. ओस्मोन दूध खेचरावरून तिकडे नेतो. हे पत्र तोच देईल.

म्हणजे केंजेगुलला खाली आणणं आता माझ्या हातात राहिलं नाही. तिच्या कंबरेत कालपासून कळ येऊन जाते आहे. खेचरावर बसवून तिला दरडीवरून नेण्याची माझी छाती नाही. तूच ये. औषध घेऊन ये. चावी तुझ्याच गळ्यात असते.

माझ्याकडे मेंढ्यांचं नोव्होकेन आहे, मग त्यानेच का भागवत नाही, असं म्हणशील. मी तेवढी मूर्ख नाही. जागा बधिर करून टाके घालता येतात, कळा नाही थांबवता येत, आणि बाईच्या पाठीच्या कण्यात सुई घालायला मी शिकलेली नाही. ते धाडस मी भाचीवर करणार नाही.

आणखी एक सांगायचं आहे. सांगू की नको, असं बरेच दिवस चाललं आहे. मला दिवस गेले आहेत. नवऱ्याला, जुमादिलला सोडून कोणाला माहीत नाही. उम्सुनायनंतर मी त्याला कितीतरी वर्षं अंगाला हात लावू दिला नाही. लोक त्याला तोंडावर विचारायचे, "काय रे, मेंढ्यांचंच बघतोस की घरचंही?" तो बिचारा हसून मान खाली घालायचा. दुसरा असता तर मला कधीच माहेरी धाडलं असतं. मला मूल नको होतं असं नाही, एजे. मला ते टेबल नको होतं. अजूनही मला स्वप्नात पट्ट्या आवळल्यासारखं होतं आणि मी जुमादिलच्या पोटात लाथा मारते. सकाळी तो वाकून चालतो.

मला पहाडाएवढी भीती वाटते. तुला हे लिहिताना लाज वाटते आहे, पण तुझ्याशिवाय हे समजेल असं दुसरं कोणी मला माहीत नाही. तू ते टेबल रोज पाहतेस.

केंजेगुलसाठी ये. माझ्या कारणाने येऊ नकोस.

सेयिलकान

सारी-बेल, २१ जून

एजे,

खेचरावर बसताना तू म्हणालीस, "काय झालं ते मला नीट आठवत नाही, लिहून पाठव." गालाची सूज आणि ताप, तेव्हा आठवणार कसं? लिहिते. तू यायच्या आधीचंही लिहिते, कारण ते तुला केंजेगुल सांगणार नाही.

तू आलीस त्या दिवशी सकाळी मी मेंढ्यांना औषधाच्या हौदात बुडवायला गेले होते. तीच वेळ साधून झुउराकान पोरीला घेऊन गेल्या. मी ओढ्याशी असताना किंकाळी ऐकली. माझ्या पोटाचा विचार न करता पळाले.

तंबूत जुनिपरच्या फांद्या जाळून इतका धूर केला होता की माणूस दिसत नव्हतं. तुझी मुलगी मधल्या खांबाला लोंबकळत होती, काखेत दोर घालून बांधलेली. झुउराकान तिच्या तोंडावर रुमाल दाबून म्हणत होत्या, "गिळ, आवाज गिळ!" आणि माम्बेत तिच्याभोवती फिरत चाबूक ओढत होता, "नीघ, रांडे, नीघ!" एक फटका खांबाला बसला, दुसरा तिच्या दंडावर. रक्त आलं. मी पुढे झाले तर झुउराकानच्या दिराने मला मागून धरलं आणि हात पिरगाळला. केंजेगुल रुमालातून एकच शब्द म्हणत होती, "सुई." कळ आली की सुई, कळ गेली की सुई. तिला खरंच वाटत होतं की मागत राहिलं तर कोणीतरी देईल.

तेवढ्यात तू दाराचा पडदा उचललास.

एजे, तू कशी दिसत होतीस, ते तुला माहीत नाही. दरड चढून आलेली, चिखलाने माखलेली, डोक्यावरचा रुमाल कुठेतरी पडलेला. दवाखान्याच्या औषधाने पिवळे केलेले ते तुझे केस मोकळे सुटून खांद्यावर आलेले. आणि हातात पिशवी. धुरातून मला स्वतःलाही क्षणभर धस्स झालं. माम्बेत तर ओरडलाच, "आली! पिशवी घेऊन आली!"

पहिला फटका तुझ्या डोळ्याखालून हनुवटीपर्यंत गेला. गाल उघडला. दुसरा मानेवर. तू उंबऱ्यातच पडलीस, पण पिशवी छातीखाली घेऊन पडलीस, ते मी पाहिलं. केंजेगुलने रुमाल थुंकला आणि किंचाळली, "मारू नका, ती माझी आई आहे!"

"आईचंच रूप घेते ती!" माम्बेत म्हणाला आणि तिसरा फटका काढला.

मला धरणाऱ्याच्या हाताचा मी लचका तोडला. खरोखरीचा. तोंडात रक्ताची चव आली. चाबकाची वादी हवेतच पकडली, माझा तळहात सोलला, पण ओढला चाबूक आणि त्याच्याच मुठीने म्हाताऱ्याच्या कानाखाली दोनदा हाणलं. तो बसला. झुउराकान माझ्या केसांना धरायला आल्या, तर मी नुसती मूठ वर केली, त्या मागे सरल्या. 

तू गुडघ्यांवर रांगत आत आलीस. गालाच्या चिरेतून तुझे ते धातूचे दात दिसत होते. रक्त पिशवीवर टपटपत होतं. तू पिशवीतून कुपी काढलीस, तिची मान कापलीस, सुईत औषध ओढून घेतलंस, हवा काढलीस आणि मुलीच्या मांडीत टोचलंस. हात हलला नाही.

बस. एवढंच होतं ते.

तेव्हा मला तुझा जो राग आला, तसा त्या टेबलावर बांधलेली असतानाही आला नव्हता. इतकी वर्षं मी स्वतःला समजावत होते की ते देणं फार अवघड असेल. कसली परवानगी, कसला धोका, आपल्याला काय कळतं. आणि तू रक्तबंबाळ अवस्थेत, चिखलात गुडघे टेकून, सुई ओवायलाही लागणार नाही इतक्या वेळात दिलंस. एजे, इतकं सोपं होतं? इतकंच होतं तर माझ्या वेळी काय झालं होतं तुला?

मी हे तिथे बोलले नाही, कारण केंजेगुल बोलली. थोड्या वेळाने तिचे खांदे सैल पडले. डोळे अर्धे मिटले. ती म्हणाली, "आई, दुखतंय. पण लांब कुठेतरी दुखतंय." आणि हसली. कळ चालू असताना हसली. झुउराकानने डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावलं. मला वाटलं नाक मुरडतात, पण त्या रडत होत्या. दिराला म्हणाल्या, "आमच्या वेळी आम्हाला कोणी विचारलंसुद्धा नाही रे." मग उठून त्यांनीच तिच्या काखेतला दोर सोडला.

मुलगी झाली. झुउराकानने रिवाजाप्रमाणे बाळाच्या जिभेला पिवळं लोणी लावलं, तेव्हा तू भिंतीला टेकून बसली होतीस आणि तुझा चेहरा पांढरा पडला होता. आता पुढचा भाग, जो तुला आठवत नाही म्हणतेस. मला वाटतं, आठवतो.

तुझा गाल शिवायला मीच होते. मी दोरा ओवला. नोव्होकेनची बाटली माझ्या पिशवीत होती आणि माझा हात तिच्याकडे गेला नाही. थोडा वेळ गेलाच नाही. तू माझ्याकडे पाहिलंस आणि डोळे मिटून घेतलेस. दात आवळलेस. तू वाट पाहत होतीस, एजे. तुझं म्हणणं होतं, घे, वसूल कर.

मला वसूल करायचं होतं, देवाशपथ सांगते. सुई तुझ्या कातडीला टेकवलीसुद्धा. मग तू अगदी हळू कण्हलीस, आवाज निघू नये असं कण्हलीस, आणि मी बाटली काढली. तू म्हणालीस, "राहू दे, मेंढ्यांचं आहे." मी म्हटलं, "गप्प पड." आणि गाल बधिर होईपर्यंत थांबून मग टाके घातले.

मी तुला माफ केलं असा याचा अर्थ नाही. दुखत होतं, औषध होतं, म्हणून दिलं. ते मिळायला माणूस चांगलं असावं लागतं असं असतं तर आपल्यातल्या कोणालाच मिळालं नसतं.

टाके सहा-सात दिवसांनी काढून घे. कोणाकडून काढशील त्याला म्हणावं, हलक्या हाताने.

सेयिलकान

सारी-बेल, २७ जून

एजे,

ओस्मोनने सांगितलं ते खरं का? कपाटातली कुपी कमी पडली, रिकामी परत करायची ती तू इथे तंबूतच टाकून गेलीस, आणि आता चौकशी बसते आहे. आणि डॉक्टरसाहेब तुला म्हणाले, "कपाट पुसताना कुपी हातातून पडून फुटली असं सांग. मी मान डोलावतो. तूही सुटशील, मीही सुटेन."

बरा भेटला सुटका करणारा. हाच तो कोपरवाला ना?

तू काय ठरवलं आहेस ते मला माहीत नाही. तुझी नोकरी आहे, तीस वर्षं होत आली. केंजेगुल आणि नात उद्या-परवा तुझ्याच घरी येऊन राहणार, त्यांना दूध लागेल, कोळसा लागेल. तेव्हा उगीच शूर हो म्हणून मी सांगत नाही. मला शूर माणसांचा कंटाळा आहे. पण ऐक.

फुटली म्हणालीस की काय होईल, ते मी तुला सांगते. काहीच होणार नाही. सोमवारी घोडीचं दूध काढणारी अनारकुल तुझ्याकडे येणार आहे, तिचे दिवस भरले आहेत. ती सुई मागेल. तू तिला म्हणशील, नियम सगळ्यांना सारखा. आणि तिला माहीत असेल की सुईणीच्या मुलीला मिळाली, कारण या कुरणावर असं काही लपत नाही. ती तुझ्या तोंडावर थुंकली तर मी तिला रुमाल देईन.

फुटली म्हणालीस तर केंजेगुलने चोरीचं औषध घेतलं असं होईल. तिने चोरी केली नाही. तिने मागितलं, दुखत होतं म्हणून. ते तिचं होतं. माझंही होतं. त्या ओल्या टॉवेलखालच्या बाईचंही होतं. तू मुलीसाठी दरड ओलांडलीस आणि चाबूक खाल्लास, आता ते सगळं एका फुटक्या काचेत घालवू नकोस.

दिली म्हण. मागितली म्हणून दिली. एवढंच.

आणि माझ्या मनातलं तुला माहीत असावं म्हणून सांगते. पानगळ सुरू होईल तेव्हा माझे दिवस भरतील. त्या टेबलावर मला पुन्हा चढायचं आहे. मी हे पत्र जितकं तुझ्यासाठी लिहिते आहे तितकंच माझ्या कातडीसाठी. मी काही संत नाही, तुला माहीतच आहे.

सेयिलकान

सारी-बेल, ५ जुलै

एजे,

ओस्मोन आज वर आला तो घोड्यावरून उतरायच्या आधीच बोलायला लागला. त्याची बायको दवाखान्यात फरशी पुसते, ती दाराला कान लावून होती. तेव्हा मला सगळं कळलं, तू लिहिलं नाहीस तरी.

तू म्हणालीस, "फुटली नाही. मुलीने मागितली, मी दिली. उद्या दुसरी कोणी मागेल तर तिलाही देईन." साहेबांनी टेबलावर हात आपटला. म्हणाले, "बाई, तुम्ही बायकांना चढवून ठेवाल!" त्यावर तू म्हणालीस, "साहेब, तुमचं कोपर माझ्या बहिणीच्या बरगडीत आहे अजून." 

मी ते ऐकून शेळ्यांच्या गोठ्यात जाऊन रडले. तुला कळावं म्हणून लिहिते. माझ्या बरगडीचं तुझ्या तोंडून कधी निघेल असं मला वाटलं नव्हतं.

चावी काढून घेतली आणि तुला धुण्याच्या खोलीत टाकलं, हेही त्याने सांगितलं. रक्ताच्या चादरी उकळायच्या. गालावरची खूण बघून पोरं तुला अल्बार्स्ती म्हणतात. त्यांना एक ठेवून दे.

अनारकुल सोमवारी गेली होती. तिने सुई मागितली. नव्या सुईणीने नाही म्हटलं. तिने पुन्हा मागितली, मग शेजारच्या टेबलावरची मागायला लागली, मग कॉरिडॉरमधली. अनारकुल म्हणते, कोणी शिकवलं नव्हतं, एकीचं ऐकून दुसरीला तोंड फुटलं. मिळाली कोणालाच नाही. पण कोणाला तोंडात मारायचीही हिंमत त्यांना झाली नाही, इतक्या जणींना कुठे मारणार?

मी येणार आहे, एजे. जुमादिल म्हणतो इथेच बाळंत हो, झुउराकान आता चाबूकवाल्याला उभा करणार नाहीत. खरंय, त्या स्वतःच माझ्याबरोबर खाली यायचं म्हणताहेत. पण मी तिथेच येणार. भीती गेली म्हणून नव्हे. ती आहेच.

ओस्मोन म्हणतो, तुला बाळंतिणीच्या खोलीत पाय ठेवू देणार नाहीत. नाही तर नाही. धुण्याची खोली भिंतीला भिंत लागून आहे ना? ती भिंत किती पातळ आहे ते मला चांगलं माहीत आहे. आठ वर्षांपूर्वी पलीकडून कोणीतरी चादरी पिळत गाणं म्हणत होतं आणि मला त्यातला शब्द न् शब्द कळत होता.

तेव्हा माझ्या बाळंतपणाच्या दिवशी तू तिथेच थांब. मी आतून ओरडेन. मी ओरडले की तूही भिंतीपलीकडून ओरड, जेवढा आवाज आहे तेवढा काढून ओरड: "सुई द्या तिला!"

तुझी बहीण,
सेयिलकान